वन्संची किडनी

“किडनीत साचलेलं तंतूंचं जाळं साफ करणारं एंझाइम असतं,” डॉक्टर सांगत होते. “कधी ते चांगल्या भिंतीही कुरतडतं. मग व्रणच व्रण. तुमच्या मिस्टरांच्या किडन्या अशाच गेल्या असाव्यात.”

“अगदी आमच्या वन्सं!” मी म्हणाले. “माळा आवरायला आल्या, चांगली भांडीही भंगारात घातली.”

शेजारीच बसलेल्या वन्संनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “डॉक्टर, माझी किडनी जुळतेय ना? काढा मग.”

“ताई, बहिणीकडून घ्यायचं नसतं,” पलीकडच्या खाटेवरून नवरा पुटपुटला.

“दर भाऊबीजेला तुझ्या बायकोने निवडलेली विटकी साडी मी मुकाट घेते. तूही मुकाट घे.”

“आणि तुला काही झालं तर?”

“ही आहे की! बोलेल फार, पण करेल माझं.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान डोलावली. मग त्यानेही.