उसना वास

वाघिणीच्या पिंजऱ्याबाहेर डॉक्टरबाई पाण्याची नळी रोखून उभ्या होत्या. जंगलात आईविना सापडलेला बछडा पिंजरे सांभाळणाऱ्या काकांनी नुकताच तिच्या पिल्लांत सरकवला होता. परका वास येऊ नये म्हणून पिल्लांच्या मुताने भिजलेलं गवत त्याच्या अंगाला चोळलं होतं. वाघीण उठली. नेमकं त्यालाच हुंगून तिने मान जबड्यात धरली. “काका, मी पाणी सोडते. मारेल ती त्याला.” “नको, बाई. बिथरली तर स्वतःचीही मारेल.” “आणि दात रुतले तर?” “बाळंतिणीच्या खोलीत आपण उपरे. देवाचं नाव घ्या नि गप्प राहा.” वाघिणीने बछडा खाली ठेवला. मग त्याला शेपटीपासून कानापर्यंत चाटू लागली. तिच्या जिभेखाली उसना वास निघत चालला होता. तिने पुन्हा हुंगलं, क्षणभर थांबून पाहिलं, आणि त्याला पोटाशी घेतलं.