ऑर्विल टास्करचं हसू

बेसबॉलपटू ऑर्विल टास्करचं फोटो छापलेलं जुनं कार्ड मी शाळेपासून जपलंय, ते त्याच्या गालावर खळी पडणाऱ्या हसण्यासाठी. बाळाचं नावही हट्टाने ऑर्विलच ठेवलं. काल आमच्या ओहायोतल्या गावात अशा कार्डांचा बाजार भरला आणि खुद्द टास्करआजोबा सह्या द्यायला आले.

"अगं, तिथे रडू नकोस म्हणजे मिळवली," नवरा ब्राइस म्हणाला. "आणि त्यांच्यापुढे तुझं ज्ञान पाजळू नकोस."

मी कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि बाळाला पुढे धरलं. "आजोबा, तुमच्या या हसण्यापायी याचं नाव ऑर्विल ठेवलंय!"

लांब नाकाचे, टोकदार हनुवटीचे आजोबा कार्डाकडे बघत राहिले. "नाव माझं आहे, पोरी. फोटो आमच्या संघातल्या डेलचा. छापणाऱ्यांनी घोळ घातला होता."

नकली कार्ड लांबूनच ओळखते म्हणून मिरवणारी मी कानापर्यंत लाल झाले. ब्राइस हसू दाबत छताकडे बघू लागला.

आजोबांनी सही केली, बाळाला मांडीवर घेतलं आणि शेजारी विणत बसलेल्या आजींकडे मानेने खूण केली.



"मनाला लावून घेऊ नकोस. हीसुद्धा हेच कार्ड बघून मला भेटायला आली होती."