स्वेटर घातलेला माणूस

बादली भरत आली तसा कस्तुरीने नळ बंद केला. बेसिनच्या कडेला टेकवलेल्या मोबाइलवर एक दाढीवाला माणूस शांत इंग्रजीत सांगत होता, की कोळंब्यांच्या टँकचं पाणी बदलताना गिझरचं पाणी कधीही घेऊ नका, त्यात तांब्याचा अंश उतरतो आणि या जीवांना तांबं सोसत नाही. नेहमी गार पाण्याचाच नळ.

"ऐकलंस ना? गार नळ."

"यू सेड दॅट ऑलरेडी, आई." सात वर्षांची आर्या दारात उभी होती. हातात क्लोरीन मारायच्या थेंबांची बाटली, दोन्ही मुठींत धरलेली.

टँक हॉलमध्ये जमिनीलगतच्या पाटावर होता, शाळेच्या दप्तराएवढा. आत शेजारच्या नाझिशने दिलेल्या लाल कोळंब्या, सगळ्यांत मोठी नखाएवढी. तिच्या पोटाखाली पिवळट अंडी चिकटली होती, राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी. ती पोटुशी आहे, तिला जास्त भूक लागत असेल, म्हणून आर्याने काल कुणाला न सांगता उकडलेल्या बटाट्याची अख्खी फोड आत सोडली होती. सकाळी पाणी गढूळ झालं होतं आणि वास मारत होतं.

जयेश बाहेरच्या दारात बूट चढवत होता. दुपारची शिफ्ट होती त्याची. "आमच्या वेंगुर्ल्याला एवढ्या कोळंब्यांत भाताचा एक घाससुद्धा उतरत नाही," तो म्हणाला.

"बाबा! शी इज प्रेग्नंट!"

"बरं बाई. डोहाळजेवणाला बोलवा मला." दार ओढून तो गेला.

आर्याने थेंब मोजून टाकले. कस्तुरीने बादली टँकपाशी आणली, तीतून मग भरला आणि टँकच्या कडेने हळूच ओतला, अगदी त्या माणसाने दाखवला होता तसा, धार काचेवरून ओघळेल असा.

कोळंब्या उधळल्या. एक वर झाकणावर आपटली. पोटुशी मागच्या मागे सूर मारून कोपऱ्यातल्या फिल्टरच्या स्पंजमागे गेली आणि तिथेच पडून राहिली.

"आई?"

"गार नळाचंच आहे गं," कस्तुरी म्हणाली. तिने घाईने मोबाइल आणला, व्हिडिओ मागे नेला, पुन्हा ऐकला. तेच. नेहमी गार नळ.

आर्या स्क्रीनला नाक लावून बघत होती.

"व्हाय इज ही वेअरिंग अ स्वेटर?"

कस्तुरीने बघितलं. जाड लोकरीचा, गळ्यापर्यंत आलेला. त्याच्या मागच्या खिडकीतलं झाड बोडकं होतं.

आपल्या खिडकीला तिने दुहेरी पडदा लावला होता. बहारीनमधल्या बुसैतीनचा जुलै. बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी सकाळपासून उन्हात. तिने बादलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

मे महिन्यापासून घरातला गिझर बंद होता. आर्याची आंघोळ त्याच्या टाकीत निवलेल्या पाण्याने व्हायची, कारण गार नळाखाली हात धरवत नव्हता. उन्हाळ्यात सगळ्या बहारीनमध्ये हेच करतात. ती रोज करत होती. आज मात्र तिने मगाचा दांडा धरला होता आणि कान मोबाइलकडे होते.

"सो ही वॉज लायिंग?"

"नाही गं. त्याच्याकडे थंडी आहे."

तिने बादली उचलून एसीखाली नेऊन ठेवली. "निवू दे आता."

"बट शी इज नॉट मूव्हिंग." आर्याचा आवाज बारीक झाला. "सर्च इट, आई. प्लीज. इज इट बिकॉज ऑफ माय पोटॅटो?"

कस्तुरीचा अंगठा स्क्रीनवर गेला होता. एक जण म्हणेल, सगळं पाणी ताबडतोब बदला. दुसरा म्हणेल, मुळीच हात लावू नका. तिसरा म्हणेल, तिला वेगळं काढा. तिने मोबाइल सोफ्यावर पालथा टाकला आणि टँकसमोर फरशीवर पोटावर पसरली.

"ये. बघू या तिच्याकडे."

"हाउ लाँग?"

"काही दिसेपर्यंत."

आर्या शेजारी येऊन पालथी पडली. फरशी गार होती. दोघींच्या श्वासांनी काचेवर धुकं येई, ते आर्या बाहीने पुसत राही. बाकीच्या कोळंब्या एकेक करून खाली आल्या, पुन्हा शेवाळ टिपू लागल्या. मशिदीतून दुपारच्या, असरच्या नमाजाची बांग झाली. कस्तुरी मध्येच उठली, बादलीत कोपरापर्यंत हात घालून आली, पुन्हा आडवी झाली.

"आई."

स्पंजच्या कडेने आधी मिशा आल्या. मग एक पाय चाचपत पुढे. मग ती पूर्ण बाहेर आली, शेवाळाला धरून उभी राहिली. अंडी होती. पोटाखालचे बारीक पाय एका लयीत हलायला लागले, आणि त्यांच्याबरोबर दाणे पुढे जात, मागे येत.

"व्हॉट इज शी डुइंग?"

कस्तुरी काचेजवळ सरकली.

"वारा घालतेय, वाटतं."

आर्याने एक हात हळूच आपल्या पोटाखाली नेला आणि काचेवरची नजर न हलवता पाचही बोटं हलवू लागली, पुढे, मागे.