मंत्र्यांचा बाणा

शेजारी देशांच्या महासंघात सामील व्हायचं की नाही, याची बैठक होती. कॅमेऱ्यांसमोर मंत्र्यांनी टेबलावर मूठ आपटली. "आमच्या घरात तुमचे कायदे चालणार नाहीत. तुमचा महासंघ तुम्हालाच लखलाभ." दुभाषी बाईंनी ते जसंच्या तसं पोचवलं.

कॅमेरे बाहेर गेले तसे मंत्री खुर्चीत सैलावले. "बाई, त्यांना म्हणावं, ते सगळं घरच्यांसाठी होतं, मनावर घेऊ नका. आमचा माल तेवढा बिनजकातीचा येऊ द्या. आणि आमच्या जावयाचं तुमच्या मुख्यालयात कुठे जमतंय का, बघा."

शरमेने बाईंची जीभ रेटेना.



समोरचे महासंघाचे अधिकारी बाईंच्याच भाषेत शांतपणे म्हणाले, "राहू द्या, बाई. तुमच्या प्रत्येक मंत्र्याकडून हेच ऐकून ऐकून आम्हाला तुमची भाषा यायला लागलीय."