वाक्य पुरं होईपर्यंत

पहिल्या कचेरीतून बाहेर पडल्या पडल्या वकीलबाईंनी निकाल देऊन टाकला. "ठरलं! ह्याच देशात राहायचं."

त्या काही खऱ्या वकील नव्हत्या, शिवणकाम करायच्या. पण नवरा घड्याळजी, आणि बोलताना अडखळणारा, त्यामुळे त्याची सगळी वकिली लग्नापासून त्यांच्याकडेच होती. दुकानात गिऱ्हाइकाशी त्या बोलायच्या, घरमालकाशी त्या भांडायच्या, डॉक्टरला नवऱ्याचं कुठे दुखतं तेही त्याच सांगायच्या. गल्लीने दिलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

आपला देश सोडून निघालेल्या ह्या जोडप्याला दोन शेजारी देशांनी 'या' म्हटलं होतं. दोन्ही देशांच्या कचेऱ्या एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर. संध्याकाळपर्यंत एकीला होकार द्यायचा आणि दुसरीला रामराम.

"पगार जास्त, दवाखाना घराजवळ, माझी बहीण तिथं," वकीलबाई बोटांवर मोजत म्हणाल्या. "आणि साहेब किती चांगला! तुम्हाला म्हणून काही त्रास पडू दिला नाही."

खोटं नव्हतं. साहेब मोठा तरतरीत होता. घड्याळजींनी 'घ' म्हणायचा अवकाश, की "घड्याळदुरुस्ती, हो ना? उत्तम!" त्यांची सगळी वाक्यं त्याने हसतमुखाने पुरी केली आणि एकही चुकवलं नाही. वकीलबाईंना तर पाठचा भाऊ भेटल्यासारखं झालं.

"आता समोर कशाला जायचं? उगाच चपला झिजवायच्या," त्या म्हणाल्या. पण घड्याळजी समोरच्या दारातून आत गेलेही होते.

इथे सगळाच आनंद होता. पंखा कुरकुरत होता, खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि रांग दारापर्यंत आली होती. टेबलामागे जाड चष्म्याच्या एक बाई बसल्या होत्या.

"आमच्याकडे घड्याळं दुरुस्त करून घेणारे फार नाहीत," नंबर आल्यावर त्या घड्याळजींना म्हणाल्या. "मग काय कराल?"

"अहो, त्यांना कुठलंही यंत्र द्या," वकीलबाईंनी सुरुवात केली, "ते लगेच..."

"त्यांना विचारलंय, बाई." चष्म्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं, हाताची घडी घातली आणि घड्याळजींकडे पाहत बसल्या.

घड्याळजींचा जबडा ताठरला. शब्द ओठांशी येऊन अडला, मागे गेला, पुन्हा आला. रांगेत कुणीतरी घसा खाकरला.  वकीलबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, शिलाई मशिनं दुरुस्त करतील, संपलं. ते गिळून गप्प राहणं म्हणजे त्यांना शिक्षाच होती.

"म... मनोऱ्यावरची घड्याळं," घड्याळजी म्हणाले. "मोठी. लोक र... रस्त्यातून मान वर करून बघतात, ती. ती चालू ठेवायचीत मला. ल... लहानपणापासून मनात आहे."

वकीलबाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं संसार केला, आणि हे कधी त्यांच्या कानावर आलं नव्हतं. येणार तरी कुठून?

"आमच्या स्टेशनावरचं बंद आहे," बाई म्हणाल्या. "पण पगार बेताचा. आधीच सांगून ठेवते."

"चा... चालेल."

"चालेल काय चालेल?" वकीलबाईंनी त्यांची बाही ओढली. "तिथं त्या बिचाऱ्यानं किती सांभाळून घेतलं तुम्हाला!"

"हो. तिथं सां... सांभाळून घेतलं," घड्याळजी म्हणाले. "इथं ऐकून घेतलं." जीभ अडखळत होती, पण माणूस डगमगत नव्हता. "मला इ... इथंच राहायचंय."

वकीलबाईंना ते लागलं. सांभाळून घेणाऱ्यांत पहिला नंबर त्यांचाच होता.

"तुमचं कळलं," चष्म्याच्या बाई म्हणाल्या आणि वकीलबाईंकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. तुम्हाला कुठं राहायचंय?"

"मला?"

"दोघांना वेगवेगळं विचारते मी. दोघांचा होकार असल्याशिवाय पुढं जात नाही."

वकीलबाईंनी घाईघाईने आपली कारणं गोळा करायला घेतली. जास्तीचा पगार नवऱ्याचा, दवाखाना नवऱ्याच्या छातीच्या दुखण्यासाठी. आणि बहीण? तिच्याशी तर गेली दोन वर्षं अबोला होता. ह्यात आपलं काय, ते त्यांना सापडेना. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"मला..." म्हणून त्या थांबल्या. दुसऱ्यासाठी बोलताना त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते. आता तोंड उघडं, डोळे भरून आलेले, आणि एक शब्द फुटेना. त्यांना स्वतःचाच राग आला, रडूही आलं.

चष्म्याच्या बाईंनी पुन्हा हाताची घडी घातली.

"आटपा हो, बाई!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. "नवऱ्याचं तेच तुमचं. त्यात काय एवढं?"

घड्याळजी खुर्चीतून उठले आणि रांगेकडे तोंड करून उभे राहिले.

"थां... थांबा," ते म्हणाले. "तिचं बो... बोलून व्हायचंय अजून."