पाळणाघर विधेयक

“ज्या घरात आजी आहे, त्या घराला पाळणाघर हवंच कशाला, अध्यक्ष महोदय?” निरंजन म्हणाला आणि हॉलमध्ये बाकं वाजली. बाकं कसली, प्लास्टिकच्या खुर्च्याच त्या. पण लोकसभा म्हटली की काहीतरी वाजवायला हवंच.

लखनौच्या मराठी मंडळात महाराष्ट्र दिनाला अशी लुटूपुटूची लोकसभा भरते. महानगर नावाच्या वस्तीतला मंडळाचा हॉल, पुढे टेबल आणि टेबलामागे अध्यक्ष म्हणून ग्रुप कॅप्टन गजेंद्रराव. हवाई दलात, लखनौजवळच्या बख्शी का तालाब तळावर होते, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. कोण सत्तेत, कोण विरोधात, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. यंदा निरंजनची बायको ऋचा मंत्री झाली होती. वस्तीवस्तीत सरकारी पाळणाघरं काढायचं विधेयक तिनं मांडलं होतं आणि विरोधी पक्षनेता म्हणून तिचा नवरा त्याच्या चिंध्या करत होता. एरवी बँकेत तोंड न उघडणारा माणूस, पण इथे त्याला भलताच जोर चढला होता. आपली संस्कृती, आपले संस्कार, आजीची गोष्ट, आजीच्या हातचा घास, असं करत करत तो स्वतःच्या घरापर्यंत आला. अबोली जन्मली तेव्हा आपली आई आली आणि आता ती कायमची लखनौकर झाली, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. पुन्हा खुर्च्या वाजल्या.

त्याची आई, लीलावतीबाई, हे सगळं शेजारच्या खोलीतून ऐकत होत्या. सभागृहात पोरांचा व्यत्यय नको म्हणून मंडळातल्या सगळ्या आज्यांना नातवंडांसकट तिथे बसवलं होतं. कोणी सोलापूरची, कोणी नागपूरची. मुलांचे संसार लखनौत म्हणून त्याही लखनौत. बाळंतपणापुरत्या आलेल्या लीलावतीबाईंना आता गोमती नगरातला प्रत्येक भाजीवाला ओळखत होता.

‘कायमची’ हा शब्द त्यांना टोचला. कराडच्या हौशी नाटक मंडळींनी यंदा त्यांना वकिलीणबाईंची भूमिका दिली होती. आजवर त्यांच्या वाट्याला नायकाची आईच यायची. पदरानं डोळे टिपायचे आणि आत जायचं. पहिल्यांदाच भर कोर्टात उभं राहून लोकांची बोलती बंद करायला मिळणार होती. तालमी जूनमध्ये सुरू होणार होत्या. या वेळी आला नाहीत तर भूमिका दुसरीला देईन, असं दिग्दर्शकानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. अबोलीला भरवता भरवता त्यांनी संवाद पाठसुद्धा केले होते. फक्त मुलाला सांगायचं राहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता मे उजाडला होता.

मतं घ्यायची वेळ आली. गजेंद्रराव फौजी माणूस, नियम म्हणजे नियम. ‘होय’वाले उजवीकडे, ‘नाही’वाले डावीकडे, आणि आतल्या बायकाही सभासद आहेत, त्यांनाही बोलवा, असं त्यांनी फर्मावलं.

लीलावतीबाई अबोलीला कडेवर घेऊन आल्या. निरंजननं डावीकडे आपल्या शेजारी त्यांना जागा करून दिली. त्यांनी अबोलीला त्याच्या हातात दिलं आणि सरळ उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

“मला जूनमध्ये कराडला जायचंय,” त्या म्हणाल्या. “तोवर हिला ठेवायची सोय करा.”

हा आवाज वकिलीणबाईंचा होता, हे फक्त त्यांनाच ठाऊक. मग नागपूरच्या अरुणाताईंनी आपला नातू जावयाकडे सोपवला आणि त्याही उजवीकडे आल्या. त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. डावीकडे पोरं सांभाळणारे बाप तेवढे उरले. विधेयक संमत झालं. ऋचानं सासूबाईंना मिठीच मारली. आधी का नाही बोललात, जूनचं तिकीट मी काढते, असं ती म्हणाली. लीलावतीबाईंचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं आणि आपण उगाच जीव टांगणीला लावून बसलो होतो, असं त्यांना वाटलं.

तिकडे बापांची मात्र त्रेधा उडाली. अबोलीनं “पापा नहीं, आजी चाहिए” असा सूर लावला आणि बाकीच्या पोरांनी तो उचलून धरला. गजेंद्ररावांचा हातोडा कुणाला ऐकू येईना. शेवटी आज्यांनीच आपापली नातवंडं परत घेतली. मुलांच्या जेवणाची वेळ झालीच होती. त्या आत गेल्या आणि सभेला त्रास नको म्हणून त्यांनी दारही लावून घेतलं.

बाहेर उत्साहाला नुसतं उधाण आलं होतं. विमा कंपनीतले धनंजय उठले. विधेयक नुसतं कागदावर कशाला, जूनपासून मंडळाचं मराठी पाळणाघर याच हॉलमध्ये काढू, असं त्यांनी सुचवलं. जोरदार टाळ्या पडल्या. निरंजनही आपला विरोध विसरला. चालवायचं कुणी, एवढाच प्रश्न उरला होता.

“अरे यार, आपल्या आज्या आहेत ना,” निरंजन म्हणाला. “आणि मुख्य म्हणून आमची आई. तिचाच तर आग्रह होता.”

ऋचानं बंद दाराकडे पाहिलं. तिला तिकीट आठवलं असावं. मग ऑफिसही आठवलं असावं, कारण तिचा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला.

बायकांना बाहेर बोलवायचं का, असं गजेंद्ररावांनी विचारलं. पण पोरं जेवतायत, उगाच उठवू नका, असं सगळेच म्हणाले आणि फौजी माणूसही नरमला. विरोधात कोणी आहे का, असं त्यांनी रीतसर तीनदा विचारलं. हॉलमध्ये कोणीच नव्हतं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

दाराआड अख्खा विरोधी पक्ष पोरांना दहीभात भरवत होता.