धवलारणीचा गळा

"आवाज पहिला जाईल," डॉक्टर टिपणीस म्हणाले. "आणि एकदा गेला की मागे फिरणं नाही."

टेबलावर मुंबईहून आलेलं पत्र होतं आणि पत्राशेजारी इंजेक्शनच्या काचेच्या नळ्यांचं खोकं. भिकू आळीपाळीने दोन्हींकडे बघत होता. घरी त्याला भिकी म्हणत. अंगावर लुगडं होतं, आत छाती पट्टीनं आवळलेली. आपण बाप्या आहोत हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ते ऐकून न हसणारा पहिला माणूस त्याला चोविसाव्या वर्षी, या अलिबागच्या दवाखान्यात भेटला. आजची ही तिसरी खेप.

"मुंबईचे सर्जन छातीचं ऑपरेशन करायला तयार आहेत," डॉक्टर म्हणाले. "ते आधी कर. कपड्याच्या आत काय आहे आणि काय नाही, कोण बघायला येतंय? आवाज राहील, घरही राहील. इंजेक्शनं घेतलीस तर पाच-सहा महिन्यांत आवाज फुटेल, मग दाढी. ते लपायचं नाही. घरी चालेल?"

घरी चालेल म्हणे! भाऊ कोयता घेऊन अंगावर धावला असता. गावकीनं अख्ख्या घराला वाळीत टाकलं असतं. आणि आई तर बाहेरच्या बाकावरच बसली होती. भिकीचा घसा धरलाय म्हणून तीच त्याला घेऊन आली होती. घसा ठणठणीत होता. दवाखान्यात यायला भिकूला दुसरं निमित्त सुचलं नव्हतं.

आई, चंद्राबाई, धवलारीण होती. त्यांच्या आगरी गावात लग्न म्हटलं की भटाच्या आधी तिला बोलावणं जाई. तिनं धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाऊन हळद लावल्याशिवाय पान हलत नसे. पाच वर्षांपूर्वी तिचा गळा फाटला, तेव्हापासून भिकी गायची आणि आई शेजारी बसून नुसते ओठ हलवायची. तो गोड, उंच आवाज आपल्या तोंडातून निघताना ऐकला की भिकूला स्वतःची शिसारी येई. पण भीती त्या शिसारीहून मोठी होती. आज तो ठरवूनच आला होता, ऑपरेशन करायचं आणि गप्प राहायचं.

"ऑपरेशनच करू," तो म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पेन उघडलं.

तेवढ्यात बाहेरून चंद्राबाईचा घोगरा आवाज आला. बाकावरच्या बायांना ती सांगत होती, "आमच्या शेजारची गोदू, पालीकडं दिलीय ती. माघात तिची हलद झाली. माजी भिकी अशी गायली, अशी गायली, का नवरी रडून रडून भोवल येऊन पडली! असा गला हाय माज्या पोरीचा!"

भिकूच्या अंगाची लाही लाही झाली. गोदू का रडली ते त्याला ठाऊक होतं. चंद्राबाईलाही ठाऊक होतं. मिठागराच्या झोपडीत तिनं गोदूला आणि भिकूला एकमेकांच्या मिठीत बघितलं, त्याच्या चौथ्या दिवशी तिनंच गोदूचं स्थळ जमवलं होतं. वर हळदीला गायला भिकीलाच बसवलं होतं, गोदूच्या समोर. आणि आता ही बाई त्या रडण्याची टिमकी वाजवत होती!

"डाक्टर, पेन ठेवा. विंजेक्शन द्या."

"रागाच्या भरात घेऊ नकोस."

"मना तेच हवं व्हतं, पयल्यापासून. भ्यालो व्हतो. आता भ्यायचं सरलं. द्या तुम्ही. आनि आयेला आत बोलवा."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग उठून त्यांनी सुई उकळायला ठेवली.

चंद्राबाई आत आली, भिकूचा दुसरा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "हलू टोचा डाक्टर. वैशाखात सात हलदी घेतल्यात. गला सुटंल ना तवर?"

डॉक्टरांनी दंड स्पिरिटनं पुसला. सुई दंडात गेली, बाहेर आली.

"आये," भिकू म्हणाला, "ह्ये गल्याचं औषद न्हाय. ह्यानं माजा आवाज बाप्याचा व्हनार. दाढी येनार. पुढल्या साली तुज्या हलदीला गायला भिकी न्हाय मिलायची. तू माजी गोदू घालवलीस. मी तुजी भिकी घालवली."

चंद्राबाईनं झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. "हलू बोल! भायेर आपल्या गावच्या बाया हायत."

भिकूनं तो हात बाजूला केला आणि गळा मोकळा सोडला.

"मांडवाच्या दारी गो, हलद दलली आयेनं..."

कुणीतरी दाराशी येऊन उभं राहिलं. आणि पहिली ओळ संपताच भिकूनं तोंड मिटलं.

धवला अर्धा टाकायचा नाही, हा चंद्राबाईचा जन्माचा नेम. अर्धा टाकला तर लेकीच्या संसाराचं वाटोळं होतं, असं ती मानायची. ती भिकूकडे बघत थांबली. दाराशी आता चार बाया होत्या. शेवटी तिनंच आपल्या फाटक्या गळ्यानं पुढची ओळ उचलली.

"लेक दिली लांब गो, परत कदी येनं..."

'येनं'वर आवाज चिरकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती पुढची ओळ म्हणायला लागली. भिकू दंड चोळत उभा राहिला. त्यानं साथ दिली नाही.